चार महिन्यांचा गुडघा आणि दिवाळीआधीचा ट्रेल

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरचे एक मोटरसायकल रायडर, वय 29. मार्चमध्ये चोरलच्या बाजूला कच्च्या वाटेवर वळण घेताना डावा पाय टेकवला, गाडी फिरली आणि पाय तिथंच अडकून राहिला. डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांध्याच्या आत हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलं, आतल्या बाजूच्या मेनिस्कसलाही (हाडांमधल्या गादीलाही) चीर गेली. मेअखेरीस ऑपरेशन झालं: हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या टेंडनचा, ग्राफ्ट घालून नवं लिगामेंट केलं आणि मेनिस्कसला टाके घातले. आता चार महिने झालेत. चालताना, जिना चढताना दुखत नाही. सर्जननी "सहा महिन्यांनी सगळं करा" असं सांगितलंय. दिवाळीच्या दोन आठवडे आधी ग्रुप इंदूरजवळचे पातालपाणी, चोरल, जानापाव हे कच्चे ट्रेल करणार आहे. जाऊ का? चांगला ब्रेस घातला तर?

जाऊ नका. ब्रेस घालूनही नको. नुसतं "नाही" म्हटल्यानं कोणी थांबत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणासकट लिहितो. इंदुरात बरीच वर्षं मी गुडघ्यांचीच फिजिओथेरपी करतोय. क्रिकेट आणि कबड्डीचे गुडघे जास्त येतात, पण बायपासच्या पलीकडे कच्च्यात गाड्या घालणाऱ्यांचेही आता नेमानं येतात, आणि त्यांची दुखणी खेळाडूंपेक्षा जरा वेगळी असतात.

पहिली गोष्ट, दुखत नाही म्हणून गुडघा तयार झाला असं होत नाही. मांडीमागचे जे टेंडन काढून तुमच्या गुडघ्यात बसवलेत, त्यांना तिथं सुरुवातीला ना रक्तपुरवठा असतो ना संवेदना. पहिल्या काही आठवड्यांत त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू त्या टेंडनचं लिगामेंटसारखं काहीतरी बनायला लागतं. या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट सगळ्यात कमकुवत असतो. नेमकी त्याच सुमारास सूज ओसरते, कुबड्या सुटतात, आणि माणसाला वाटतं झालं आता. हाडातल्या बोगद्यात ग्राफ्ट धरायला आठ ते बारा आठवडे लागतात, तो टप्पा तुम्ही पार केलाय. पण मधला भाग पक्का व्हायला वर्ष आणि त्याहून जास्त जातं. नव्या स्लॅबवर चालता येतं म्हणून कोणी लगेच त्यावर पाण्याची टाकी चढवत नाही, तसंच हे.

सर्जनच्या "सगळं" या शब्दात बहुतेक ऑफिस, जिने, बाजारहाट, गाडीवरून शहरात फिरणं एवढंच असतं. पुढच्या भेटीत सरळ विचारा: "सर, सगळं म्हणजे कच्च्या रस्त्यावर उभं राहून गाडी चालवणंसुद्धा का?" तुम्ही ट्रेलवर नक्की काय करता हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. दोन मिनिटांत उत्तर बदलतं.

तारखेबद्दल एक आकडा देतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघ्याची इजा होण्याचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी घटत गेलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या सगळ्या चाचण्या पार करून परतलेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना पुन्हा इजा झाली, चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना. हे फुटबॉल, हँडबॉलसारख्या वळणावळणाच्या खेळांतले लोक होते. पण पाय रोवलेला आणि त्यावर शरीर फिरलेलं, ही भानगड आपल्याकडेही तीच आहे. फरक एवढाच की फुटबॉलवाल्याच्या अंगावर दीडशे किलोचं यंत्र नसतं.

म्हणजे तुमच्या हिशेबानं फेब्रुवारीचा शेवट. तेसुद्धा किमान, आणि चाचण्या पार झाल्या तर.

आता तुमचा गुडघा डावा आहे, आणि गाडीवर डाव्या पायाचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ असतं. गिअर हे त्यातलं सगळ्यात हलकं काम. आपण गाडीवर डावीकडून चढतो: सगळं वजन डाव्या पायावर, पाऊल जमिनीत रोवलेलं, आणि उजवा पाय सीटवरून टाकताना कमरेपासून अंग त्या गुडघ्यावर फिरतं. ज्या हालचालीनं लिगामेंट तुटलं तिचीच ही सौम्य आवृत्ती, दिवसातून दहा वेळा. ट्रेलच्या उंच सीटच्या गाडीवर तर जास्तच. किक उजव्या पायानं मारतो तेव्हा भार पुन्हा डाव्यावर. सिग्नलला बहुतेक जण डावाच पाय टेकतात. साइड स्टँड डावीकडे, म्हणून गाडी ढकलतानाही आपण डावीकडेच उभे. यातलं चढणं आजपासून बदला: टाच आणि गुडघा एकाच दिशेला ठेवून आधी पाऊल वळवा, मग पाय टाका. उंच गाडीला फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून चढा, पण तेही नंतर. सध्या सेल्फ स्टार्टची स्कूटर, शहरात, सपाट रस्त्यावर. एका पायावर तीस सेकंद न डगमगता उभं राहता येत असेल आणि अचानक ब्रेक मारून पाय टेकायची भीती वाटत नसेल, तर तेवढ्यापुरती हरकत नाही.

ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा आहे, याचा रायडरसाठी एक खास अर्थ आहे जो सहसा कोणी सांगत नाही. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस असे दोन टेंडन घेतात. ग्रॅसिलिस मांडी आत ओढतो. उभं राहून गाडी चालवताना टाकी गुडघ्यांनी आवळून धरायची असते ना, ते काम ज्या स्नायूंचं त्यातलाच तो एक. शिवाय हे दोन्ही स्नायू नडगीचं हाड बाहेरच्या बाजूला फिरण्यापासून आवरतात आणि पुढे सरकू देत नाहीत, म्हणजे एसीएलचे मदतनीसच. तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूवर, क्वाड्रिसेप्सवर, सगळा भर आणि मागच्या-आतल्या स्नायूंकडे दुर्लक्ष, हा जिममधला नेहमीचा प्रकार तुमच्यासाठी अपुरा आहे. पाठीवर झोपून एका पायाचा ब्रिज, फरशीवर पायाखाली टॉवेल घेऊन टाच ओढणं, वाकून वजन उचलण्याचा रोमेनियन डेडलिफ्ट, आणि आतल्या मांडीसाठी कोपनहेगन प्लँक (कुशीवर होऊन, वरचा पाय बाकावर टेकवून अंग उचलून धरणं), आधी गुडघ्याखाली आधार घेऊन मग घोट्याखाली. मेनिस्कसला टाके असल्यानं मागच्या स्नायूंची जोरदार कामं सर्जनची परवानगी घेऊनच वाढवा. गुडघा खोल वाकलेला असताना त्यावर भार नको. उकिडवं बसणं, देशी संडास, वज्रासन, पंगतीत मांडी घालून दीड तास, हे सगळं सध्या बंद. गणपतीत खुर्चीवर बसलात त्याबद्दल कोणी बोललं असेल तर बोलू दे.

क्वाड्रिसेप्स तरीही पहिलाच. ऑपरेशननंतर गुडघ्यात पाणी असेपर्यंत मेंदू हा स्नायू अर्धवट बंदच ठेवतो, आणि पाणी गेल्यावरही तो आपोआप जागा होत नाही. लेग प्रेस, स्प्लिट स्क्वॅट, पायरीवरून सावकाश खाली उतरणं, लेग एक्स्टेन्शन, सगळं एका एका पायानं. दोन्ही पायांनी केलेल्या स्क्वॅटमध्ये चांगला पाय गुपचूप साठ-सत्तर टक्के काम करतो आणि आरशात काही कळत नाही. वजन खरंच जड हवं. फिजिओकडे रबर बँड ओढत चार महिने काढलेले लोक माझ्याकडे येतात, मांडी तशीच सुकलेली. आठवड्यात तीन दिवस ताकद, मधल्या दिवशी सायकल. पोहे-जिलेबी खा, इंदुरात राहून ते सोडा म्हणणार नाही, पण स्नायू त्यातून बनत नाही. दही, पनीर, डाळ, सोयाबीन, चालत असतील तर अंडी, वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं रोज. सिगारेट असेल तर ती आधी.

दोन तपासण्या घरी शिकून घ्या. पलंगावर पालथं झोपा, गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय काठाबाहेर लोंबू द्या, आणि टाचांची उंची कोणाला तरी बघायला सांगा. ऑपरेशनची टाच वर राहत असेल तर पाय पूर्ण सरळ होत नाहीये. एक सेंटीमीटर म्हणजे अंदाजे एक अंश. दोन-तीन अंशांची कसरही चाल बिघडवते आणि क्वाड्रिसेप्सला कायमचं दुबळं ठेवते. सरळ करताना पुढे काहीतरी अडतंय असं वाटलं तर ग्राफ्टपुढे जाड ऊती वाढून बसलेली असू शकते, ती व्यायामानं जात नाही, सर्जनला दाखवा. दुसरी तपासणी पाण्याची: पाय सरळ, सैल. वाटीच्या आतल्या बाजूनं तळहातानं खालून वर दोन-तीनदा निपटा, मग बाहेरच्या बाजूनं वरून खाली एकदा. आतल्या खळग्यात लाट उठून आली तर गुडघ्यात पाणी आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही लाट आदल्या दिवसापेक्षा मोठी असेल तर कालचा भार जास्त झाला, आज कमी करा. वेदनेपेक्षा हे माप जास्त प्रामाणिक आहे. पुढे गाडीवर बसायला लागल्यावरही हेच वापरायचं.

गुडघा "मोकळा करून देतो" म्हणणाऱ्या पहलवानाकडे जाऊ नका. एवढंच.

पाचव्या-सहाव्या महिन्यात, टाके बघून, पळणं आणि मग छोट्या उड्या सुरू होतात. त्या काळात मी रायडरला आणखी एक गोष्ट देतो. फूटपेगएवढ्या अंतरावर दोन जाड लाकडी ठोकळे ठेवा, त्यांवर पावलांचा पुढचा भाग टेकवून गाडीवरच्या स्थितीत उभे राहा: गुडघे थोडे वाकलेले, कंबर मागे, छाती पुढे, कोपरं बाहेर. मांडीत मऊ चेंडू आवळून धरा. दोन मिनिटं धरून ठेवा, मग कोणालातरी खांद्याला अधूनमधून हलका धक्का द्यायला सांगा. जिममध्ये दीडशे किलो लेग प्रेस करणारे इथं पन्नास सेकंदांत थरथरायला लागतात. ट्रेलवर तिसऱ्या तासाला पाय हाच प्रकार करतात, आणि मग माणूस बसून चालवायला लागतो, वळणावर उशिरा पाय काढतो, आणि तो पाय चुकीच्या जागी पडतो.

पाय टेकण्याबद्दल. तुमचा अपघात वळणावरच झाला, आणि ती सवय बदलली नाही तर नवा ग्राफ्ट जुन्याच वाटेनं जाईल. पाय बाजूला किंवा मागे टाकायचा नसतो. आतला पाय पुढे, पुढच्या चाकाच्या दिशेनं, गुडघा किंचित वाकलेला, बोटं वर, आणि तळवा जमिनीवरून सरपटत जाईल इतकाच हलका. असा पाय कशाला अडकला तर मागे ढकलला जातो. बाजूला रोवलेला पाय अडकला की गाडी पुढे जाते आणि गुडघा पिळला जातो. सातव्या-आठव्या महिन्यात हे जमिनीवर, गाडीशिवाय शिकवतो: बाजूला पाऊल टाकून वाकलेल्या गुडघ्यावर उतरणं, गुडघा आत न पडू देता. आणि गाडी पडत असेल तर पडू द्या. लिव्हर आणि इंडिकेटरच्या पैशांसाठी लोक पाय घालून गाडी वाचवतात. हँडगार्ड लावून घ्या, तो प्रश्नच मिटतो.

आता आपल्या माळव्याच्या मातीबद्दल, कारण तुमचा अपघात मार्चचा होता आणि ट्रिप ऑक्टोबरची आहे. काळी माती पावसानंतर बुटाला आणि टायरला लापशीसारखी चिकटते. त्यात टेकलेला पाय सरपटत नाही, धरून ठेवला जातो, आणि मागचं चाक मात्र घसरत राहतं. एसीएल तोडायला याहून सोयीची जमीन नाही. ऑक्टोबरात वरून वाळलेली दिसते, पण शेतांच्या कडेच्या चाकोऱ्या आत ओल्याच असतात. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात आणि पुढचं चाक त्यात अडकतं. परतण्याचे पहिले महिने मुरुमाच्या, खडीच्या सपाट जागेवरच काढा.

त्या फेब्रुवारीच्या टप्प्याला मी काय बघतो? क्वाड्रिसेप्सची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के, मशीनवर मोजलेली, नजरेनं नाही. त्यातही एक मेख आहे: चार-सहा महिने बसून दुसरा पायही दुबळा झालेला असतो, म्हणून नुसती तुलना पुरत नाही, शरीराच्या वजनाच्या मानानं ताकद किती हेही बघावं लागतं. एका पायावरच्या चार उड्या: एक लांब, तीन सलग, आडव्या रेषेवरून इकडे-तिकडे, आणि सहा मीटर वेळ लावून. अंतर सारखं आलं म्हणून मी लगेच पास करत नाही. खुबा आणि घोटा गुडघ्याची उणीव झाकून अंतर काढून देतात. उतरताना गुडघा वाकतो की काठीसारखा ताठ राहतो, हे व्हिडिओवर सावकाश बघतो. आणि मनाची तयारी, त्यासाठीही बारा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे. हसू नका. वळणावर डाव्या पायाकडे बघणारा रायडर रस्त्याकडे बघत नसतो.

हे झाल्यावर गाडी: आधी मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस मिनिटं, बसून-उभं राहून, सावकाश आठचा आकडा, डाव्या वळणाला जास्त वेळ. सोबत एक माणूस, ग्रुप नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याची तपासणी. दोन-तीन आठवडे ती स्वच्छ आली की सोपा ट्रेल, अर्धा दिवस, सगळ्यात मागे चालवून. पुढे राहिलं की मागच्या भिया लोकांना (इंदुरी बोलीत भाऊमंडळींना) दाखवायचं भूत चढतंच. चढ-उतार त्यानंतर. गाडीच्या उड्या आणि टेबलटॉप (सपाट माथ्याचे उंचवटे) वर्ष उलटल्याशिवाय नाही. कोणत्याही दिवशी मांडी थरथरायला लागली की त्या क्षणी दिवस संपला, जेवण बाकी असलं तरी.

ब्रेस. जाळीचा किंवा रबरचा चढवायचा पट्टा ब्रेस म्हणून मोजू नका. कडक चौकटीचा, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला ब्रेस गुडघा उलटा वाकण्यापासून आणि बाजूच्या माराने आत-बाहेर जाण्यापासून वाचवायला खरी मदत करतो. पिळण्यापासून फारच कमी. म्हणून तो स्नायूंऐवजी नाही, स्नायूंवर. दोन्ही पायांना घ्या: एकाच पायाला घातला तर टाकी सारखी धरता येत नाही, आणि एकदा एसीएल गेलेल्या माणसाच्या दुसऱ्या गुडघ्यालाही धोका बराच वाढलेला असतो. पण आत्ता ऑर्डर करू नका. तुमची मांडी सध्या सुकलेली आहे. आज मापलेला ब्रेस फेब्रुवारीत घट्ट होईल, किंवा झाला नाही तर समजा की व्यायाम झालेला नाही. बिजागरी वाटीच्या मध्यरेषेत बसली पाहिजे, तासाभरात घसरून पोटरीवर आली तर तो तुमचा ब्रेस नव्हे.

मधल्या काळात पोटरी अचानक सुजून दुखली, ताप आणि गुडघा लाल-गरम झाला, "टक्" आवाज येऊन काही तासांत गुडघा फुगला, किंवा वाकलेला गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सर्जनकडे. शेवटचं लक्षण टाके घातलेल्या मेनिस्कसचं असू शकतं.

राहिली दिवाळीआधीची ट्रिप. मागे बसून जाण्याचा विचार मनात आला असेलच, सगळ्यांच्या येतो. तोही नको: मागे बसलेल्याला वळण आधी कळत नाही, आणि गाडी कलली की तो हमखास पाय खाली टाकतो. कोणाची तरी कार काढा आणि पंक्चरचं सामान, पाणी, ग्लुकोज घेऊन सपोर्टला जा. जानापावला कार वरपर्यंत जाते. वळणांवर उभं राहून मित्रांचे व्हिडिओ काढा, कोण पाय कुठे टाकतो ते बघा, आणि ते व्हिडिओ पुढच्या वेळी मला आणून दाखवा.